बावीस नंबरला कोणी धडकत नाही

गजभिये काका दर शुक्रवारी केस कापायला जायचे. डोक्यावर केस म्हणाल तर कानांच्या वर दोन्हीकडे थोडी पांढरी झालर, मध्ये सगळं मोकळं मैदान. तरी शुक्रवार उजाडला की चहा पिऊन, स्वेटर चढवून, ईलिंगच्या मोठ्या रस्त्यावरच्या त्या तुर्की न्हाव्याकडे जाऊन बसायचे. मी पुण्याची, असले प्रश्न मला पोटात ठेवता येत नाहीत. एकदा विचारलंच, "काका, तो कापतो तरी काय?"

काका अजिबात रागावले नाहीत. म्हणाले, "कापत काहीच नाही नं. मानेला हात लावते, डोकं इकडून तिकडे वळवते, गरम टॉवेलने पुसून देते. बरं वाटते."

मी हसले. पण त्या दिवशी ऑफिसात ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

मी त्यांची भाडेकरू. एका बँकेच्या सॉफ्टवेअरच्या कामावर, वर्क व्हिसा घेऊन लंडनला आले होते आणि ओळखीतून काकांच्या घरातली वरची खोली मिळाली. सुनंदाकाकू मी येण्याआधीच गेल्या होत्या. मुलगी प्रज्ञा ग्लासगोला डॉक्टर, तिचा फोन रविवारी यायचा. एरवी घरात काका, रेडिओ आणि केटल. काका मूळ नागपूरचे, सिव्हिल इंजिनियर. तरुणपणी इकडे आले ते निवृत्त होईपर्यंत काउन्सिलच्या रस्ते विभागात राहिले. तिथे त्यांनी आयुष्यभर काय केलं, तर स्पीडब्रेकर घातले. इथे त्याला हंप म्हणतात. त्यांच्या गाडीतून बाजारात जायचं म्हणजे एकेका हंपवर परिचय व्हायचा. "हा माझा." थोडं पुढे, "हाही माझा. बघ, पोटातलं पाणी हललं का?" आणि एखाद्या ठिकाणी गाडी दणकन आपटली की, "हा माझा नाही. माझ्यानंतर जो गाढव आला नं, त्याचा."

असा हा माणूस, वय सत्तरीच्या घरात, उन्हाळाभर एकाआड एक रविवारी स्टॉक कारच्या शर्यतीत गाडी चालवायचा.

टीव्हीवर दिसतात त्या चकचकीत गाड्या डोळ्यांपुढे आणू नका. लंडनबाहेर मोटरवेवरून तासभर गेलं की एक जुनं स्टेडियम लागतं. त्यात लाल मातीचा लंबगोल ट्रॅक आणि त्यावर लोखंडी सांगाड्यांच्या गाड्या, पुढे-मागे हे एवढाले बंपर. ते बंपर शोभेला नसतात. पुढच्याला ढकलायचं, फिरवायचं, कुंपणावर नेऊन टाकायचं आणि आपण पुढे निघायचं. हे सगळं नियमात बसतं, किंबहुना तोच खेळ आहे. सगळ्यांत कच्चे ड्रायव्हर सगळ्यांत पुढे उभे करतात आणि त्यांच्या गाडीचं छत पांढरं रंगवतात. जितका पक्का तितका मागे. शेवटच्या रांगेत लाल छतवाले. झेंडा पडला की हे लाल छतवाले पुढच्यांना ठोकत, चेंगरत वर येतात. काकांचं छत पांढरं. मी तिथे असेपर्यंत ते पांढरंच राहिलं.

त्यांना या नादाला लावलं शेजारच्या डेरेकने. डेरेक बस गॅरेजमधला निवृत्त मेकॅनिक, एकटाच, तोंडाने फटकळ. तो अर्थातच इंग्रजीत बोलायचा, पण मला तो मराठीतच आठवतो. काकू गेल्यानंतरची गोष्ट त्यानेच मला सांगितली. सुरुवातीला विहारातली माणसं आली, जेवणाचे डबे आले, फोन आले. मग ज्याचा तो आपापल्या कामाला लागला. त्यात कोणाचं चुकलं असंही नाही, या देशात आठवडा असा भुर्रकन जातो. डेरेकला कुंपणावरून दोरीवरचे कपडे दिसायचे. नुसते शर्ट आणि नुसत्या पँटी. एका रविवारी त्याने काकांना व्हॅनमध्ये घातलं आणि स्टेडियममध्ये नेऊन बसवलं.

"तासभर तोंड उघडलं नाही त्याने," डेरेक म्हणाला. "मग एकाने दुसऱ्याला असा हाणला की तो गरागरा फिरून कुंपणात घुसला. शर्यत संपल्यावर ते दोघं चिखलाने माखलेले, एकमेकांच्या गळ्यात पडून खिदळतायत. तर हा मला विचारतो, यांचं भांडण नाही? म्हटलं नाही. हा खेळ आहे. आणि हा हसला. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याचे दात बघितले."

पुढच्या हंगामात डेरेकची जुनी गाडी, डेरेकचं मेकॅनिकपण आणि काकांचा पाय ॲक्सिलरेटरवर, असा कारभार सुरू झाला. नंबर काकांनी बावीस मागून घेतला. आपल्याकडच्यांना बावीस प्रतिज्ञा सांगाव्या लागत नाहीत आणि तिकडे कोणी विचारलं नाही. अंगातला ओव्हरऑल गडद निळा. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो आणि छोटी बुद्धमूर्ती होती. शर्यतीच्या रविवारी विहारात जायला जमायचं नाही, म्हणून काका ओव्हरऑल घालूनच तिथे वंदना म्हणायचे, हेल्मेट शेजारच्या खुर्चीवर ठेवून. मी जिन्यात थांबून ऐकायची. आवाज अगदी साधा, पण एक शब्द इकडचा तिकडे नाही.

प्रज्ञाला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. तिला वाटायचं बाबा डेरेकबरोबर शर्यत बघायला जातात. तिचा फोन नेमका आम्ही तिथे असताना यायचा आणि काका एका कानात बोट घालून ओरडून सांगायचे, "हो बाळ, बघून राहिलो नं. फार आवाज आहे." मी म्हटलं, काका, पंचशील घेता आणि लेकीशी खोटं बोलता. तर म्हणाले, "खोटं काय त्यात? डोळे उघडे ठेवूनच चालवतो मी. बघतोच नं."

आता ती चूक सांगते, जी आपल्याच माणसाकडून होऊ शकते.

पहिल्याच शर्यतीत एका लाल छतवाल्याने काकांना मागून दणका दिला आणि कुंपणावर नेऊन सोडलं. रीतच आहे. शर्यत संपल्यावर सगळे पॅडॉकमध्ये जमतात, म्हणजे गाड्या ठाकठीक करायच्या मोकळ्या मैदानात. मार खाल्लेला ड्रायव्हर कधी कधी मारणाऱ्याकडे जाब विचारायला जातो. हा लाल छतवाला सहा फुटी, लॉरी चालवणारा. त्याने बघितलं की एक निळ्या ओव्हरऑलमधला म्हातारा भारतीय आपल्याकडे तरातरा येतोय आणि त्याच्या हातात स्टीलचं काहीतरी आहे. त्याने पाना खाली ठेवला आणि बाह्या सरसावल्या. काका समोर जाऊन उभे राहिले, म्हणाले थँक्यू, आणि डबा उघडला. आत चिवडा.

मी नंतर विचारलं, काका, थँक्यू कशाबद्दल? म्हणाले, "अगं, काकू गेल्यापासून पहिल्यांदा कोणी इतक्या जोरात दखल घेतली माझी. मग रिकाम्या हाताने कसं जायचं?"

चिवडा नागपुरी तिखटाचा. लॉरीवाल्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं, आणि त्याने आणखी मागितला. पुढच्या वेळेस डबा मोठा झाला. मग दोन डबे. शर्यतीच्या आदल्या दिवशी आमच्या घराला फोडणीचा असा वास सुटायचा की माझ्या ऑफिसच्या कोटातसुद्धा कढीपत्ता शिरायचा. पॅडॉकमध्ये काका गाडी-गाडीपाशी जाऊन डबा पुढे करायचे, "थोडा घ्या नं, थोडा घ्या," आणि ही मोठमोठी तेलकट माणसं ओंजळ करून उभी राहायची. सगळ्यांचे लाडके झाले, गजभियेचे मिस्टर जी. आणि हळूहळू बावीस नंबरला धडकायचं सगळ्यांनी बंद केलं. खाल्ल्या मिठाला जागायला ही मंडळी कुठून शिकली कोण जाणे, पण शिकली खरी.

मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. झेंडा पडला, चिखलाचे गोळे उडाले, लोखंडावर लोखंड आदळायला लागलं. आणि त्या सगळ्या रणधुमाळीत काकांची गाडी आपल्या आपल्या वेगाने चाललेली. रस्त्यात गाय बसली की रिक्षा जशा वळसा घालून जातात, तशा बाकीच्या गाड्या तिच्या बाजूने जात होत्या. मागून कोणी आलं की काकाच आधी बाजूला सरकायचे, खिडकीतून हात दाखवायचे, या, तुम्ही पुढे व्हा. स्टँडमधले लोक टाळ्या वाजवायचे. शर्यत संपली की प्रत्येकाच्या गाडीला कुठे ना कुठे पोचा, कोणाचं चाक तिरकं, कोणाचा बंपर लोंबतोय, सगळे हातोड्या घेऊन तुटून पडलेले, एकमेकांना शिव्या देत, हसत, इकडचं सामान तिकडे उसनं नेत. काकांच्या गाडीला ओरखडासुद्धा नाही. डेरेकला काम नाही. काका चिवड्याचा रिकामा डबा हातात घेऊन आपल्या स्वच्छ गाडीपाशी उभे.

मला फार वाईट वाटलं. का वाटलं ते तेव्हा नीट कळलं नव्हतं.

कळलं ते ऑगस्टमध्ये. केली नावाची एक मुलगी होती, लाल छतवाली, पेशाने इमारतींना परांच्या बांधणारी, दंड माझ्या मांडीएवढे. चिवड्यातले दाणे वेचून खायची आणि काकांच्या समोर खायची. त्या वर्षी चॅम्पियनशिप तिच्या आणि दुसऱ्या एका ड्रायव्हरच्या मध्ये लटकत होती. त्या ऑगस्टच्या शर्यतीत ती जोरात वर येत होती आणि वळणावर मध्ये काका आले. दुसरं कोणी असतं तर तिने बंपर घातला असता आणि निघून गेली असती. काकांना तिने बाहेरून वळसा घातला. बाहेर माती भुसभुशीत. ती घसरली, आणि तेवढ्यात तो दुसरा आणि त्याच्या मागचे सगळे पुढे निघून गेले. पॅडॉकमध्ये तिच्या बापाने हातमोजे जमिनीवर आपटले. केली काकांजवळ आली आणि म्हणाली, "तुमची काही चूक नाही, मिस्टर जी." तिने एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असा काकांचा चेहरा झाला.

परत येताना वाटेत चहाला थांबलो. डेरेक व्हॅनमध्ये पेंगत होता. आम्ही दोघं त्या मोटरवेवरच्या खाण्याच्या जागेत, कागदी कप घेऊन बसलो. काका बराच वेळ कप फिरवत राहिले.

"मीनल, माझ्या आजोबाला गावात कोणी शिवत नव्हतं," ते म्हणाले. "दुकानदार सामान वरून टाकायचा. माझ्या बापाने ते पाहिलं. मग बाबासाहेब नागपूरला आले आणि आमच्या लोकांनी ते सगळं ओझं एका दिवसात खाली ठेवलं. माझ्या वाट्याला तितकं आलं नाही. जे आलं ते चांगले कपडे घालून आलं, ते जाऊ दे. मी म्हटलं, चला, आपल्यापुरतं संपलं. आणि आता म्हातारपणी कुठे येऊन बसलो, तर अशा मैदानात जिथे सगळे सगळ्यांना ठोकून राहिले. फक्त मला सोडून."

"पण काका, ते तर प्रेमाने..."

"माहीत आहे नं. ते तिरस्काराने होतं, हे प्रेमाने आहे. दोन्ही एक म्हणायला मी काही खुळा नाही. पण वळसा घातला नं, की ज्याला घातला त्याला तो वळसाच लागते."

मी आडनावाने जोशी. या विषयावर तोंड उघडण्यापेक्षा चहा पिणं बरं, इतकी अक्कल मला होती.

"एकदा," काका म्हणाले, "एकदाच कोणीतरी मला ड्रायव्हर समजून मारावं. चांगलं, पूर्ण मारावं. मग मी गाडी देऊन टाकीन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेच डेरेकला कुंपणावरून सांगितलं. डेरेकने सिगरेट विझवली. "दोन गोष्टी," तो म्हणाला. "एक, तो तुझा डबा. ज्याच्या हातचं खाल्लं त्याला कोणी मारतं का? आणि दोन, तुझा शिष्टाचार. कोणी मागे आलं की बाजूला होतोस, हात काय दाखवतोस. हा ट्रॅक आहे, चर्चचं दार नाही. जागा धरून ठेव. ज्याला पाहिजे तो घेईल हिसकावून."

काका विचारात पडले. बाजूला न होणं त्यांना जमलं असतं. डबा न नेणं मात्र फार जड होतं.

हंगामाची शेवटची शर्यत ऑक्टोबरच्या अखेरीस होती. आदल्या दिवशी घराला फोडणीचा वास नाही. काका स्वयंपाकघरात टेबलाशी बसून होते, मोकळे हात टेबलावर ठेवून. रेडिओवर कोणीतरी हवामान सांगत होतं. मी म्हटलं, काका, निदान आपल्यापुरता करू या का? म्हणाले, "नको. हाताला सवय आहे, एकदा कढई चढली की थांबणार नाही मी."

सकाळी वंदना झाली, निघालो. पाऊस पडून गेला होता आणि ट्रॅकवर घोट्याएवढा चिखल. पॅडॉकमध्ये उतरलो तर लॉरीवाला आधीच हात पुसत आलेला. डबा कुठाय? काका म्हणाले, आज नाही. त्याचा चेहरा पडला. मग एकेक जण येऊन विचारून गेला. एकाने तर माझ्यापाशी येऊन हळूच विचारलं, मिस्टर जींची तब्येत बरी आहे ना? पाहुणे दारात आणि घरात चहाची पूड नाही, असे काका कानकोंडे होऊन उभे. मला म्हणाले, "फार कंजूस वाटून राहिलं गं."

मग ते केलीकडे गेले. मीही मागे गेले. ती गाडीत बसून पट्टे आवळत होती. हिशेब असा होता की तिचा प्रतिस्पर्धी पुढे राहिला तरी चालेल, पण ती त्याच्या पाठोपाठ आली पाहिजे. मध्ये एक जरी गाडी आली तरी वर्षभराची मेहनत पाण्यात.

"केली," काका म्हणाले, "आज मी तुझ्यापुढे असलो तर मला मार."

ती हसली. "तुम्हाला मारलं तर माझी आजी मला घरात घेणार नाही, मिस्टर जी. तीसुद्धा तुमचा चिवडा खाते."

"तिला सांग, मीच सांगितलं. आणि मी बाजूला होणार नाही. हे तुला आधीच सांगून ठेवतो."

केलीचं हसू गेलं. तिने काकांकडे एकदा नीट पाहिलं आणि हेल्मेट चढवलं.

मी आणि डेरेक कुंपणाला टेकून उभे राहिलो. शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच वळणावर चिखलात सगळे एकमेकांत घुसले. कितीतरी गाड्या तिथेच अडकल्या. ज्या निघाल्या त्याही पुढे एकेक करून गळत गेल्या, कोणाचं इंजिन बंद, कोणाचं चाक गेलं. काकांना कोणी धडकलं नव्हतंच. ते आपले निमूटपणे फिरत राहिले. आणि शेवटाकडे माझ्या लक्षात आलं की सगळ्यांत पुढे एक लाल छत आहे, त्याच्या मागे केलीचा प्रतिस्पर्धी, आणि तिसरे चक्क काका. त्यांच्या मागे केली.

"आता बघ," डेरेक म्हणाला. "आता तो बाजूला होईल."

केली जवळ आली. काका बाजूला झाले नाहीत. ती बाहेरून यायला लागली तर काकांनी गाडी बाहेरच्या अंगाला घेतली. आतून यायला लागली तर आत. हात दाखवला नाही. स्टँडमध्ये आधी हशा झाला, मग हशा थांबला. डेरेक दात आवळून पुटपुटत होता, "धरून ठेव. धरून ठेव, माझ्या राजा." मी डेरेकचा दंड पकडला होता, ते मला नंतर कळलं. एकीकडे वाटत होतं केलीने मारावं, आणि एकीकडे तो म्हातारा माणूस माझ्या घरचा होता, त्याच्या हाडांची मला काळजी होती. सांगते खरं, मी मनात देवाला दोन्ही नवस बोलले.

शेवटचं वळण आलं. केलीने वळसा घातला नाही.

आवाज आला तो पोटात आला. पांढरं छत आडवं फिरलं, चिखलावरून घसरत गेलं आणि कुंपणाच्या तारांमध्ये जाऊन बसलं. केली तिथूनच निघून गेली, तिसरी आली. स्टँडमध्ये लोक केलीला ओरडायला लागले. मी धावले.

काका पट्ट्यांमध्ये तिरके लटकले होते. हेल्मेटच्या आत चेहरा ओला. मला वाटलं रडतायत. रडत होतेच, पण हसतही होते.

"मीनल, मारलं नं तिने."

"हो काका. हलू नका."

"कसं मारलं, पाहिलं का? हात राखला नाही. पूर्ण मारलं."

अँब्युलन्सवाल्यांनी त्यांना काढलं आणि पॅडॉकमध्ये नेऊन तपासलं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. डावा हात गळ्यात बांधला, एक्सरेला जावं लागेल म्हणाले. तेवढ्यात केली आली. ती चॅम्पियन झाली होती, पुढच्या वर्षी तिच्या गाडीचं छत चंदेरी होणार होतं, आणि बाहेर लोक तिला अजून नावं ठेवत होते. ती काकांसमोर येऊन उभी राहिली. सॉरी म्हणाली नाही.

"आतली बाजू मोकळी सोडलीत तुम्ही," ती म्हणाली. "शेवटच्या वळणावर कोणी आत एवढी जागा सोडतं का? मी नसती घेतली तर मागच्याने घेतली असती."

"हो," काका म्हणाले. "तिथे चुकलं माझं."

"पुढच्या वेळी आत चिकटून राहा."

"राहीन."

मी त्यांना लेकीचं कौतुक सांगताना पाहिलं होतं, काकूंची आठवण सांगताना पाहिलं होतं. पण ही चूक दाखवली गेली तेव्हा जो चेहरा झाला, तसा मी कधी पाहिला नव्हता. केली म्हणाली, "आता चिवडा काढा. आज मी तुमच्या हातचं न खाताच मारलंय, आता खायला हरकत नाही." काकांनी डेरेककडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हॅनमध्ये, स्पेअर टायरच्या खाली." डेरेकने जाऊन डबा काढला. आम्ही झोपेतून उठायच्या आत माणसाने कधी तो केला आणि कसा लपवला, कोण जाणे. खिडक्या उघड्या टाकल्या असणार. मी त्यांना तिथल्या तिथे ओरडणार होते, पण लॉरीवाल्याने आधीच ओंजळ पुढे केली होती.

रात्री फोनवर सगळं कळलं आणि दुसऱ्या दिवशी प्रज्ञा ग्लासगोहून पहिल्या ट्रेनने आली. दारात काकांचा बांधलेला हात बघितला आणि उजव्या बाजूने त्यांना जपून मिठीत घेतलं. बराच वेळ सोडलं नाही. सोडल्यावर मात्र काकांना, मला, कुंपणापलीकडच्या डेरेकला, सगळ्यांना एका रांगेत उभं करून झाडलं. ती इथेच वाढलेली. तिचं मराठी रागात फार गोड व्हायचं. "तुम्ही सगळे लहान मुली आहे का?" असं ती म्हणाली आणि आम्ही तिघांनी माना खाली घातल्या. काकांनी शर्यतीचं लायसन्स परत करायचं कबूल केलं. तिला वाटलं आपण जिंकलो. काका मला हळूच म्हणाले, "मी तर आधीच म्हणालो होतो नं, एकदा मारलं की देऊन टाकीन."

प्रज्ञा म्हणत होती ग्लासगोला चला. काका म्हणाले बघू. तिची रजा संपली, ती गेली. घरात परत रेडिओ आणि केटल. हिवाळ्यात स्टेडियम बंद, पॅडॉकमधली माणसं आपापल्या गावी. केलीने एकदा फोनवर आपल्या गाडीच्या चंदेरी छताचा फोटो पाठवला. काकांनी तो मला दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी नवीन असल्यासारखा पुन्हा दाखवला. गाडी ट्रेलरवर, घरापुढच्या जागेत आणून ठेवली होती. डेरेक म्हणाला, पोचा ठोकून सरळ करतो, मग कोणाला तरी देऊन टाकू. काका म्हणाले, गाडी दे, पण पोचा राहू दे. डेरेक म्हणाला, असली गाडी कोण घेतं? काका म्हणाले, मग राहू दे इथेच. शुक्रवारी ते न्हाव्याकडे जायचेच. तो आता बांधलेल्या हाताला धक्का लागू नये म्हणून फार सांभाळून केस कापतो, असं त्यांनी मला सांगितलं. हे सांगताना ते थोडे खट्टू होते.

माझं काम नोव्हेंबरमध्ये संपलं आणि कंपनीने पुण्याला परत बोलावलं. टॅक्सी सकाळी आली. बॅगा ठेवल्या, काका दारात उभे होते. मी वाकायला गेले तर म्हणाले, "पाया-बिया काही नाही." आणि आपला चांगला हात माझ्या डोक्यावर ठेवला.  मी जयभीम म्हणाले आणि टॅक्सीत बसले.

आमच्या रस्त्याच्या टोकाला काकांनी घातलेला एक हंप आहे. त्यावर टॅक्सी अगदी हळू झाली, म्हणून मला मागे वळून बघायला वेळ मिळाला. काका घरात गेले नव्हते. ट्रेलरपाशी उभे होते. डावा हात गळ्यात बांधलेला आणि उजवा त्या पोच्यावर ठेवलेला. मी काच खाली करून हात हलवला. त्यांनी मला पाहिलं. पण तो हात काही त्यांनी तिथून उचलला नाही, नुसती मान हलवली.